जोडीतली रोह्याची अंगठी

मी अंगठी. दिनानाथ आढावांच्या डाव्या हाताची, करंगळीशेजारच्या बोटातली. अंगठीला तोंड नसतं, सगळी गोलच. म्हणून जन्मभर गप्प राहिले. आता एका जागी मला कापलेलं आहे. तिथून बोलतेय असं समजा.

मी पेणच्या बाजारात, एका म्हाताऱ्या सोनाराच्या हाताखाली जन्मले. एकटी नाही, आम्ही दोघी जन्मलो. सोन्याच्या एकाच तारेचे दोन तुकडे केले, एक जाड वळवला, एक नाजूक. जाड ती मी. नाजूक ती माझी बहीण. सोनाराने माझ्या आतल्या अंगावर 'शांती' कोरलं आणि तिच्या आत 'दिनानाथ'. ज्याचं बोट, त्याचं नाव नाही, दुसऱ्याचं. मला तेव्हा ते उलटं वाटलं होतं.

अंगठ्या करायला टाकल्या होत्या नवरीच्या वडिलांनी. सोनाराने त्यांना विचारलं होतं, "तुम्हा ख्रिस्ती लोकांत मंगळसूत्र नाय का?"

"आहे की. मंगळसूत्र तिच्या गळ्यात आणि अंगठी दोघांच्या हातात. बांधायचं तर दोघांनाही बांधायचं."

सोनार फुंकणी बाजूला ठेवून हसला. "हे बरं हाय. आमच्यात बाप्या मोकळाच!"

पेणचं प्रार्थनामंदिर तेव्हा कौलारू होतं. लग्नाआधी तीन रविवार या दोघांची नावं उपासनेत सगळ्यांसमोर वाचली गेली, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. हरकत कोण घेणार? दिनानाथ नगरकडचा, आईबाप लहानपणीच गेलेले, रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर कामाला. बोलायला कंजूस. शांती पेणचीच, उंच, बोलकी, गाताना सगळ्यांच्या वर आवाज जाणारी. लग्नाच्या दिवशी मी लग्न लावणाऱ्या पाळकसाहेबांच्या तळहातावर बहिणीला टेकून पडले होते. तेवढाच आम्हा दोघींचा सहवास.

पाळकसाहेबांनी लांबण लावली नाही. म्हणाले, "सौदा करताना माणूस विचारतो, मला यातून काय मिळेल? आज तुम्ही सौदा करत नाही, करार करताय. करारात विचारायचं असतं, माझं काय लागेल? दिनानाथ, ख्रिस्ताने आपल्या मंडळीवर, आपल्या माणसांवर, प्रीती केली ती कशी? स्वतःला देऊन. तुला तेवढंच करायचं आहे." मग चष्म्यावरून बघत हसले. "तेवढंच म्हणजे सगळं. आजपासून तुझं शरीर तुझ्या एकट्याचं नाही, तिचंही आहे. आणि तिचं तुझं. तुम्ही आता दोन नाही."

मग दोघांनी वचन दिलं: सुखात, दुःखात, आजारात, बऱ्यात, मरेपर्यंत. दिनानाथचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेलाच नसेल. पण मी त्याच्या बोटात शिरत होते, मला कळलं. हात घामाने भिजला होता. घाबरलेला माणूस शपथ नीट घेतो, असा माझा अनुभव आहे.

रोह्याला त्यांनी चाळीत दोन खोल्या घेतल्या. शेजारी महिपती आणि त्याची बायको हौसा. महिपती त्याच कंपनीत, पण कोलाडकडे गावी भात आणि वालाची शेती. पावट्याच्या शेंगा, वालाचं बिरडं, काही ना काही भिंतीपलीकडून येत असे. हौसा पहिल्याच आठवड्यात शांतीचा हात धरून माझ्या बहिणीला न्याहाळत म्हणाली, "गो शांतीबाय, तुमच्या लग्नात काय सात फेरेबिरे नाय?"

"नाही. शब्द असतो."

"नुसता शब्द?"

"नुसता शब्द. म्हणून तर जड."

कामावर बॉयलरजवळ अंगठी चालत नसे. दिनानाथ मला काढून डब्यात ठेवायचा, भाकरीच्या वासात. घरी आल्यावर शांती डबा उघडून मला शोधायची आणि स्वतः त्याच्या बोटात घालायची. रोज. "झालं लग्न," म्हणायची आणि डबा घासायला घ्यायची.

त्यांना मुलगी झाली, प्रणिता. ती दिसायला अगदी बापावर गेलेली. तेच रुंद कपाळ, तीच जडशी पापणी, हनुवटीवर तीच खळी. हौसा म्हणायची, "दिनाभाऊला फ्रॉक घातलाय जसा." मुलगी चालायला लागली ती बापाच्या या बोटाला धरून. तिची मूठ पूर्ण माझ्यावर बसायची. इतकं ऊबदार काही मला त्यानंतर मिळालं नाही.

प्रणिता शाळेत जायला लागली होती त्या वर्षी, पाऊस ओसरताना, शांतीची आई पेणला घरात पाय घसरून पडली. शांती तिला बघायला गेली. इकडे पोरीला ताप आला. दिनानाथने तापाची गोळी दिली, कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवली. हौसा म्हणाली, "डॉक्टरकडं न्या भाऊ." तो म्हणाला, "आज बदली माणूस नाय. शिफ्ट करून येतो, उद्या नेऊ." हौसा पोरीपाशी बसली.

तो साधा ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी करून पेणच्या दवाखान्याकडे निघाले, महिपती पुढे बसला, दिनानाथ मागे मांडीवर पोर घेऊन. कासू गावाच्या पुढे माझ्यावरची तिची मूठ सैल झाली. मला कळलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला, की कळूनही तो तसाच बसला, ते मला सांगता येत नाही.

प्रणिताला पेणच्याच ख्रिस्ती स्मशानभूमीत पुरलं. शांतीने आकांत केला नाही. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. आईची हाडं जुळेपर्यंत राहते, म्हणाली. हाडं जुळली. मग पाऊस गेला, थंडी आली, भात कापून वाल पेरून झाले. शांती रोह्याला परतली नाही. तिचे कपडेही तिने मागवले नाहीत.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथे काही मोडलेलंच दिसत नव्हतं, मग जोडायचं काय?

दिनानाथने तेव्हापासून मला बोटातून काढणं बंद केलं. घालणारी नव्हती, तर काढायचं कशाला? साहेब रागावला तर माझ्यावर चिकटपट्टी गुंडाळायचा. वर्षं गेली तसं बोट जाड झालं आणि मी मांसात रुतले. मग इच्छा असती तरी मी निघाले नसते.

चाळीत लोक बोलायचे. महिपती मनाचा सरळ, त्याने एकदा ओट्यावर बसून तोंडावरच विचारलं. "दिनाभाऊ, किती वरस असं काढणार? ती येत नाय. कागद करून मोकळं व्हा. तुमच्यात चालत नाय काय? दुसरी बघू एखादी."

"ते माझ्या हातात नाय, महिपती."

"मग कोणाच्या हातात हाय?"

"जोडलं त्याच्या."

महिपतीने आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमचा देव लई कडक दिसतो."

दिनानाथने तो प्रश्न पेणला पाळकसाहेबांपुढे ठेवला. ते तोवर खूप थकले होते. म्हणाले, "देव कडक आहे म्हणून थांबू नकोस. तू तिला मारत असतास, छळत असतास, तर मीच तिला म्हटलं असतं, परत जाऊ नको. पण तुम्ही दोघं एकाच दगडाखाली सापडला आहात. असा दगड एकट्याने ढकलून निघत नाही. तुला थांबता येईल का?"

"दुसरं काय येतंय मला?" दिनानाथ म्हणाला.

तर तो थांबला. महिन्यातला पहिला रविवार प्रभुभोजनाचा. त्या दिवशी सकाळच्या गाडीने तो रोह्याहून पेणला जायचा. नागोठणं, कासू, मग खाडीकडची खारी जमीन, की पेण. प्रार्थनामंदिरात बायका डावीकडे बसत, पुरुष उजवीकडे. मधल्या वाटेपलीकडे शांतीचा हात गीतांच्या पुस्तकावर असायचा आणि त्या हातात माझी बहीण. तिनेही काढली नव्हती. मी तिच्याकडे बघत राहायची. एका तारेच्या आम्ही दोघी, मध्ये दोन हात वाट, आणि त्या वाटेने भाकर आणि प्याला घेऊन माणसं जात-येत. शांतीचा आवाज आता सगळ्यांच्या वर जात नसे.

उपासना संपली की ती दाराशी थांबायची.

"जेवून आलात?"

"व्हय."

"पाऊस आहे का तिकडे?"

"हाय थोडा."

एवढंच. मग ती मुलीच्या कबरीकडे जायची. ती परत गेल्यावर तो जायचा. तिने ठेवलेल्या फुलांशेजारी आपली फुलं ठेवायचा आणि पुढच्या गाडीने रोह्याला. इतक्या वर्षांत ते दोघं तिथे कधी एकत्र उभे राहिले नाहीत. माझ्या बाजूने सांगायचं तर, अंगठीला अर्धं आयुष्य असं काढायला लागू नये. माणसांना वाटतं, वेगळं होणं म्हणजे एक दिवस मोठा आवाज होतो. खरं वेगळं राहणं फार शांत असतं. त्यात रोज भांडी एकाच माणसाची असतात.

एका पहिल्या रविवारी शांती दाराशी नव्हती. बाकावरही नव्हती. तिचा धाकटा भाऊ नितेश पुढे आला. त्याचा दिनानाथवर पूर्वीपासून राग होता. भाचीचं मरण त्याने एका माणसाच्या नावावर लिहून टाकलेलं होतं. तो म्हणाला, "भावजी, ताईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसवर आहे. ती तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

"मग का सांगितलंस?"

नितेशने खाली बघितलं. "मला शुगर आहे, माझी चालत नाही. आणखी कोण आहे तिला?"

दिनानाथ तसाच दवाखान्यात गेला. शांती खाटेवर होती, एका हातातून रक्त यंत्रात जात होतं, परत येत होतं. हात सुजला होता, म्हणून माझ्या बहिणीला काढून तिने गळ्यातल्या मंगळसूत्रात ओवलं होतं. छोट्या क्रुसाला लागून ती हलत होती. दिनानाथ स्टूल ओढून बसला.

मग तो म्हणाला, "मी तेव्हा उद्या म्हटलं. त्याचा राग तू धरलास, ते बरोबर हाय. पण आता मला दूर ठेवू नको."

शांतीने मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे सरळ बघत होती, आणि मला तिच्या डोळ्यांत मावळतीच्या उन्हासारखं काहीतरी दिसलं.

"राग?" ती म्हणाली. "अहो, राग असता तर मी येऊन भांडले नसते का? मला भांडता येत नव्हतं होय?"

"मग?"

"तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ती सगळी तुमच्यासारखी. हनुवटीसुद्धा. तुम्ही दाराशी आलात की आधी ती यायची. मी तुम्हाला कसं सांगणार, की तुमचं तोंड मला नको? त्यात तुमचा काय दोष?"

दिनानाथने हात हनुवटीवर नेला. मी त्याच्या खळीला टेकले. त्याने खाली मान घातली आणि तो रडला, आवाज न करता, जसा तो सगळंच करायचा. शांतीने मोकळा हात लांब केला. पोचत नव्हता. त्याने स्टूल पुढे ओढलं.

किडनी देण्याची गोष्ट त्याने काढली तेव्हा ती नाही म्हणाली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा नाही. "इतकी वर्षं मी तुमच्या घरी राहिले नाही, तुम्हाला एक भाकरी करून घातली नाही. कोणत्या तोंडाने तुमचं घेऊ?"

"माझं कुठं हाय?" दिनानाथ म्हणाला. "लग्नात पाळकसाहेब काय म्हणाले? शरीर माझ्या एकट्याचं नाय म्हणाले. मी व्हय म्हटलं होतं. तू पण होतीस तिथं. तुझंच तुला देतोय."

"अहो, ते असं नसतं."

"मग कसं असतं? मला तेवढंच समजलं होतं."

त्याला खरंच तेवढंच समजलं होतं. लोक त्या वचनावर प्रवचनं करतात. याने ते पाण्याच्या मीटरसारखं सरळ वाचलं होतं. शांती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आलं. ते हसू ऐकून नितेश बाहेरून आत आला. त्या दिवशी ती हो म्हणाली.

तपासण्या झाल्या. रक्त जुळलं. नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आधी समितीसमोर बसायचं होतं. देणारा मनाने देतोय, की कोणी दडपण आणलंय, की विकतोय, हे त्यांना बघावं लागतं. एक डॉक्टरबाई बारकाईने विचारत होत्या. आधार कार्डावर दोघांचे पत्ते वेगळे. एकत्र काढलेला फोटो लग्नानंतर जवळजवळ नाहीच.

"तुम्ही रोह्याला, त्या पेणला. कधीपासून?"

"मुलगी गेल्यापासून."

"म्हणजे तुम्ही वेगळे झालेले आहात."

"वेगळे राहतो, मॅडम. वेगळे झालो नाय."

बाईंनी पेन थांबवलं. "फरक काय?"

दिनानाथने अंगठ्याने मला चाचपलं. मी त्याच्या बोटात होते, पण मला कोणी विचारत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दर महिन्याला गाडी पकडून जायचो. ती 'जेवलात का' विचारायची. वेगळ्या झालेल्या माणसाला कोण विचारतं?"

शांतीला त्यांनी दुसऱ्या खोलीत वेगळं विचारलं. तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. परवानगी मिळाली.

ऑपरेशनच्या सकाळी परिचारिका आली. "काका, अंगठी काढा." साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पिळून बघितला. बोट निळं पडलं, मी हलले नाही. ती म्हणाली, "कापावी लागेल. आत नेल्यावर बोट सुजलं तर बोट जाईल."

दिनानाथ क्षणभर थांबला. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. रोजच्या वस्तूकडे कोण बघतं? मग त्याने हात पुढे केला. "कापा."

दातेरी चाकाचं एक छोटं अवजार असतं. ते माझ्याखाली सरकलं आणि फिरू लागलं. दुखलं का, म्हणाल तर दुखलं. त्याहून वाईट वाटली ती नंतरची हवा. इतकी वर्षं त्याच्या कातडीला लागून असलेल्या माझ्या आतल्या अंगाला वारा लागला.

परिचारिकेने मला कापसात गुंडाळून महिपतीच्या हाती दिलं. तो गावाकडची कामं सोडून सोबत आला होता. त्याने मला खिशात टाकलं नाही. बाकावर बसून मूठ मिटली आणि ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही. आत काय झालं ते मला सांगता येणार नाही; मी तिथे नव्हते. मी नसताना त्याने त्याच्या लग्नातली सगळ्यात मोठी गोष्ट केली. मला फक्त महिपतीची मूठ आठवते. तो आपल्या कुलदेवतेचं नाव घेत होता, आणि मधेच म्हणायचा, "येशूबाबा, तू पण बघ रे."

दोघं बरे झाले. शांती रोह्याला आली. हौसाने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "गो बाय, किती उशीर केलास!" दोघी गळ्यात पडून रडल्या.

मग काही वर्षं त्या घरात बोलणं होतं. मी मोडलेली, म्हणून कपाटात एका फडक्यात होते. पण ऐकू यायचं. शांतीच्या गोळ्यांची वेळ, उकळलेलं पाणी, तोंडाला मास्क, बाहेरचं काही खायचं नाही. ती पथ्यावरून त्याच्याशी भांडायची. तो मीठ जास्त टाकतो म्हणून भांडायची. तो गप्प बसला की, गप्प का बसता म्हणून भांडायची. घर बरं झालं होतं. पहिल्या रविवारी दोघं एकाच गाडीने पेणला जायचे, आणि मुलीच्या कबरीवर एकच पुडा फुलं न्यायचे.

मला कोणी सांधायला नेलं नाही. राहून गेलं. माणसं सुखात असली की अशी कामं राहून जातात. मला वाईट वाटायचं, खोटं का बोलू? मी त्यांच्या एकटेपणाची साक्षीदार. सुखाच्या वेळी कपाटात.

एका पावसाळ्यात शांतीला खोकला झाला. थोडासा, कोरडा. दिनानाथने त्याच घटकेला रिक्षा आणली. उद्या हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. छातीत संसर्ग पसरत गेला; ज्या गोळ्या किडनी टिकवत होत्या, त्यांनीच अंगातली झुंजायची ताकद कमी करून ठेवली होती. ती वेळेत नेली, तरी गेली. माणूस एकदा उशीर करतो म्हणून मरण येतं असं नाही, आणि उशीर केला नाही म्हणून टळतं असंही नाही. हे दिनानाथला कळायला दोन मरणं लागली. त्याच्या छातीवरचा एक दगड त्या दिवशी उतरला असेल. पण उतरवून ठेवायला जवळ कोणी नव्हतं.

शांतीला पेणला, मुलीशेजारी पुरलं. पेटी बंद करण्याआधी नितेशने विचारलं, "भावजी, गळ्यातली अंगठी काढू का? तुमच्याकडे राहील."

"राहू दे. तिच्या आत माझं नाव हाय."

माती पडली. माझी बहीण मातीखाली गेली. महिपती दिनानाथच्या खांद्याला धरून उभा होता. म्हणाला, "सगळं गेलं रे दिनाभाऊ."

दिनानाथने कमरेवर, शिवणीच्या जागी, हात ठेवला. "सगळं नाय. पण माझं पण थोडं तिच्यासंगं पुरलं हाय आज."

महिपतीला कळायला वेळ लागला. मग त्याने टोपी काढली आणि तोंडावर धरली.

आता मी रोह्याच्या त्याच घरात आहे. परवा नितेश आला होता. त्याचा राग कधीच विरला आहे. तो पंधरवड्याला येऊन मामुली चौकशी करतो आणि उठता उठत नाही. त्याने मला फडक्यातून काढलं, दिनानाथला घेऊन बाजारात सोनाराकडे नेलं. सोनार तरुण होता. मला चिमट्यात धरून म्हणाला, "सांधा दिसणार पण नाय, काका. थोडी मोठी करून देतो. पुन्हा घाला."

दिनानाथने मला हातात घेतलं. आतली अक्षरं बोटाने चाचपली. काप बरोबर 'शां' आणि 'ती' यांच्या मधून गेला आहे.

"नको," तो म्हणाला. "अशीच राहू दे."

"मोडकी?"

"मोडकी नाय. हिचं काम पुरं झालं."

सोनाराने नितेशकडे बघितलं. नितेशने मला पुन्हा फडक्यात गुंडाळलं. येताना दोघं पायीच आले, कुंडलिका नदीच्या पुलावर थोडे थांबले.

शांतीच्या गोळ्यांची एक प्लास्टिकची डबी आहे, वारांचे कप्पे असलेली. दिनानाथने घरी येऊन मला त्यातल्या रविवारच्या कप्प्यात ठेवलं. बाकीचे कप्पे रिकामे आहेत.

मला कोणाकडून काही फार नको. तो गेल्यावर मला त्याच्यासोबत पुरू नका, एवढंच. नवे पाळक सांगतात, देवाच्या घरी लग्न नसतं, नवरा-बायको नसतात. तिथे सगळे नुसते देवाचे असतात. मग तिथे अंगठी काय करणार? मी इथली. जिथे माणसं एकटी पडतात, आजारी पडतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघू शकत नाहीत, आणि तरी गाडी पकडून जातात, तिथलं माझं काम. मला वितळवा, विका, कोणा पोरीच्या कानात घाला. फक्त तो आहे तोवर इथेच राहू द्या.

आणि तुमच्या बोटात माझ्यासारखी कोणी असेल, तर आज घरी गेल्यावर समोरच्या माणसाला जेवलास का, म्हणून विचारा. उत्तर नुसतं 'व्हय' आलं तरी चालेल.

आज महिन्यातला पहिला रविवार. दिनानाथ लवकर उठला. इस्त्रीचा सदरा घातला. डबी उघडून मला तळहातावर घेतलं, थोडं वजन करावं तसं वरखाली केलं, पुन्हा ठेवलं. मला तो सोबत नेत नाही. बोटावर माझ्या जागी एक पांढरा खोलगट वळ आहे, तो काही अजून भरून आलेला नाही.

दार ओढलं. कडी लागली. जिन्यावरून पावलं उतरली, हळूहळू, एका बाजूला थोडी जड.

गाडी वेळेवर असली तर तो उपासनेच्या आधी पोचेल. घरात आता मी आहे, आणि भिंतीपलीकडे हौसा भांडी घासतेय.